कमरेचा घेर आणि बीपीचा आकडा

वऱ्हाडात कुणाचं बीपी वाढलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, तोंड आवरलं नाही, हातपाय हलवले नाहीत, आता भोगा. दुसरा म्हणतो, घराण्यातच आहे, गोळी घ्या आणि विसरा. पहिल्याच्या बोलण्यात शिक्षा असते, दुसऱ्याच्या बोलण्यात हार. पोटातली चरबी स्वतः हार्मोन तयार करते आणि त्यांतले काही रक्तदाब वर ढकलतात, हे गेल्या तीस वर्षांत उलगडलेलं शास्त्र या दोन्ही पक्षांपर्यंत फारसं पोचलेलं नाही. ते पोचायला हवं, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला आणि ३९.५ टक्क्यांचं पोट सुटलेलं आढळलं.

पुढचे मामा आणि भाची कल्पित आहेत, पण त्यांचा वाद अमरावती आणि अकोल्याच्या कितीतरी घरांत खरोखर चालतो. मामा अमरावतीचे, शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक. भाची अकोल्यात डॉक्टर.

मामा : तू मामीले काय सांगून ठेवलं व? परवा अकोल्याहून आली तं मले म्हन्ते, माह्या बीपीत माह्या जिभेचा दोष नाही, चरबीतल्या हार्मोनचा हाये. अन् दुसऱ्या दिवसापासून वडाळी तलावाचं फिरनं बंद! सारी नोकरी पोरांले कवायत शिकवन्यात गेली माही. मान्साले एकदा बहाना सापडला का तो जागचा हलत नाही.

भाची : फिरणं बंद कर असं मी म्हटलं नव्हतं, मामाजी. ते पुन्हा सुरू कर म्हणून मीच तिला फोन करीन. पण तिचं बीपी किती होतं, माहीत आहे? १७०/१००. आणि गोळ्यांची पट्टी पर्समध्ये तशीच, एकही न फोडलेली. विचारलं तर म्हणाली, तुझे मामा म्हणतात वजन उतरलं की गोळी लागत नाही, म्हणून आधी वजन उतरवते. वजन उतरलं नाही आणि बीपी वर्षभर चढलेलं राहिलं. त्या वर्षात तिच्या डोळ्यांतल्या, मूत्रपिंडांतल्या, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनी तो दाब सोसला. गोळी घेणं तिला कबुलीजबाबासारखं वाटत होतं. ती लाज जावी म्हणून मी तिला शास्त्र सांगितलं.

मामा : थोडी लाज वाटलीच पायजे. चरबी म्हंजे काय? न खर्चलेलं अन्न. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी रचतेत ना, तशी. गंजी कोनाले हुकूम सोडते काय?

भाची : फार वर्षं डॉक्टरही चरबीकडे असंच पाहायचे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने उंदरांतलं एक जनुक शोधून काढलं. ते बिघडलं की उंदीर खातच सुटतो. त्या जनुकापासून बनणारा हार्मोन म्हणजे लेप्टिन, आणि तो बनतो चरबीच्या पेशीत. चरबी जितकी जास्त तितकं रक्तातलं लेप्टिन जास्त. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथे जाऊन ते सांगतं की साठा पुरेसा आहे, खाणं थांबव.

मामा : मंग तं जाड्या मान्साची भूक मेली पायजे! त्याच्यात तं लेप्टिनच लेप्टिन. पन लग्नात पंगतीले बसला का पाह्य त्याले.

भाची : हाच प्रश्न औषध कंपन्यांना महागात पडला. लेप्टिन टोचलं की माणसं बारीक होतील, अशी मोठी आशा होती. १९९९ साली चाचण्यांचे निकाल आले तेव्हा बहुतेकांचं वजन थोडंच उतरलं होतं. रक्तात आधीच भरपूर लेप्टिन असलेल्या माणसाची भूक त्याला दाद देईनाशी होते. आता मुख्य गोष्ट ऐका. भूक दाद देत नाही, पण त्याच लेप्टिनला मेंदूतले दुसरे मार्ग दाद देतच राहतात, आणि ते मार्ग आपल्या हाताबाहेरच्या मज्जातंतूंना चेतवतात. भीती वाटली की छाती धडधडते, ते काम करणाऱ्या या नसा. त्यांचा एक फाटा थेट मूत्रपिंडाला जातो. तो सतत चेतलेला राहिला की मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रेनिन नावाचं रसायन सोडतं आणि दाब चढतो. म्हणजे भूक आवरायचा फायदा गेला, बीपी चढवायचा तोटा उरला.

मामा : हे उंदराचं का मान्साचं?

भाची : सुरुवात उंदरांत झाली, पण पुरावा माणसातही आहे. काही मोजकी माणसं अशी जन्मतात की त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नाही, किंवा बनतं पण ते पकडणारा ग्राही बिघडलेला असतो. ती लहानपणापासून अतोनात लठ्ठ असतात. नुसत्या वजनाने बीपी वाढत असेल तर त्यांचं सगळ्यात जास्त असायला हवं. २०१४ साली सेल या नियतकालिकात एक अभ्यास आला. इतकी लठ्ठ असूनही या माणसांचं बीपी चढलेलं नव्हतं. चरबी होती, पण चरबीचा निरोप पोचत नव्हता.

इथे मामा गप्प झाले असते तर वाद संपला असता. पण चाळीस-पन्नास पोरांना एका शिट्टीवर उभं करणारा माणूस एका अभ्यासाने गप्प होत नाही, आणि त्यांचा पुढचा मुद्दा खरोखर वजनदार आहे.

मामा : बरं, हे आयक. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हाये. १९१४ पासूनचं. १९३६ मंदी बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वक्ती अठचे पोट्टे कबड्डी दाखवून आले. आखाड्यातले पैलवान मी जन्मभर पाह्यले. शंभर-सव्वाशे किलोचे गडी. खुराक आयकशील तं चाट पडशील. पन जोवर मातीत होते तोवर त्याह्यले कोन्या बीपीची गोळी दिली नाही. आखाडा सुटला, पोट सुटलं, मंग बीपी. तं दोष हार्मोनचा का बसून राह्यन्याचा?

भाची : तुमचं निरीक्षण जपानमध्येही झालंय. ओसाका विद्यापीठाचे युजी मात्सुझावा यांनी सुमो पैलवानांची पोटं सीटी स्कॅनमध्ये पाहिली. वजन अफाट, पण चरबी बहुतेक कातडीखाली. आतड्यांभोवती, यकृताजवळ असते ती आतली चरबी मानाने कमी. सराव सुटला की ही आतली चरबी भरते. आखाड्यात दोष दाबून ठेवलेला नसतो, तिथे चरबीची जागाच वेगळी असते.

मामा : म्हंजे चरबी-चरबीत फरक हाये?

भाची : मोठा फरक आहे. आतल्या चरबीतून अँजिओटेन्सिनोजेन बाहेर पडतं. यकृत ते बनवतंच, पण पोट सुटलेल्या माणसात चरबीही त्यात भर घालते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं. अल्डोस्टेरॉन मीठ शरीराबाहेर जाऊ देत नाही. लेप्टिनही या ग्रंथीला परस्पर डिवचतं, असं प्रयोगांत दिसलंय. उलट ॲडिपोनेक्टिन नावाचा चरबीचाच एक भला हार्मोन आहे, त्याचा शोध लावणाऱ्यांत मात्सुझावांचा गट होता. तो रक्तवाहिन्यांचं अस्तर मऊ राखतो. आतली चरबी वाढली की तो घटतो. त्याच्या कमतरतेचं आणि बीपीचं नातं दिसतं, पण तेच कारण आहे असं माणसात सिद्ध झालेलं नाही. शिवाय मूत्रपिंडाभोवती चरबी दाटली तर ती त्याला बाहेरून दाबते, आणि गळ्यात दाटली तर घोरणं सुरू होतं, झोपेत श्वास अडतो. त्यानेही बीपी चढतं. सगळं खापर हार्मोनवर फोडणार नाही मी.

मामा : अन् काटक मान्साचं काय? माहा एक दोस्त मूर्तिजापूरचा. हातपाय काड्यासारखे. बुशकोटात मावते तेवढं छोटंसं पोट. त्याले पन बीपी, त्याले पन शुगर. तो तं लठ्ठ नाही!

या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर महाराष्ट्रातच सापडलंय, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

भाची : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. काट्यावर दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तुमचा मूर्तिजापूरचा मित्र याज्ञिकांच्या बाजूचा. हातापायांत स्नायू कमी, पोटात चरबी जास्त. आपल्याकडची हीच खोड आहे, आणि ती जन्मापासूनची आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. इंग्लंडातल्या बाळांपुढे ही रोड दिसायची, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखून ठेवलेली होती. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेचं रक्तही तपासलं गेलं. वजनाच्या मानाने आपल्या बाळांत लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त निघालं.

मामा : मी धारनीत होतो काही वर्सं. मेळघाटात. तठचे कोरकूंचे लेकरं पाह्यलीत मी. दोन किलोचं लेकरू जगलं तं देवाची कृपा समजायचे मायबाप. तू म्हन्तं का त्या लेकरांले पुढं चालून बीपी होईन?

भाची : होईलच असं नाही, पण धोका वाढतो. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात, नेफ्रॉन. त्यांची संख्या जन्माच्या आधीच ठरते, पुढे एकही वाढत नाही. कमी वजनाच्या बाळात त्या कमी असू शकतात. असं मूल मोठं होऊन अमरावतीला आलं, दिवसभर बसायचं काम धरलं आणि पोट सुटलं, तर चरबीच्या हार्मोनांचा भार कमी गाळण्यांवर पडतो. मेळघाटचं कुपोषण आणि राजकमल चौकातलं बीपी या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी नाहीत, मामाजी. आईच्या पोटात उपाशी राहिलेल्याला पुढच्या आयुष्यातली थोडीशी सुबत्ताही महागात पडते. अशा माणसाला तुम्ही खादाड म्हणणार?

मामा : (थोडं थांबून) नाही म्हननार. पन ह्याच्यावर उपाय काय सांगशील? गोळीच ना?

भाची : आधी तुमच्या बाजूचा पुरावा देते. जर्मनीत पाळी थांबलेल्या लठ्ठ बायकांवर एक अभ्यास झाला, २००५ साली छापून आला. त्यांचं वजन फक्त ५ टक्के उतरलं. ७० किलोच्या बाईचे साडेतीन किलो म्हणा. तेवढ्यात रक्तातलं अँजिओटेन्सिनोजेन २७ टक्क्यांनी घटलं, रेनिन ४३ टक्क्यांनी, अल्डोस्टेरॉन ३१ टक्क्यांनी, आणि दिवसभराचं वरचं बीपी ७ अंकांनी खाली आलं.

मामा : मंग! माहंच खरं झालं का नाही? वजन उतरवा, बीपी उतरते. येवढं हार्मोनचं पुराण सांगून तू माह्याच अंगनात आली.

भाची : आले, पण एक फरक घेऊन. तुम्ही मामीला सांगता की पंधरा किलो उतरव. ते जमत नाही, मग ती सगळंच सोडते. मी सांगते की साडेतीन किलोंतही आतली रसायनं हलतात. हा फरक तिच्यासाठी फार मोठा आहे. दुसरं, उतरलेलं वजन टिकवणं अवघड असतं, कारण वजन घटलं की लेप्टिन घटतं आणि मेंदू उपासमार समजून भूक चेतवतो. याला चिकाटीचा अभाव म्हणून हिणवू नका. स्वीडनमध्ये लठ्ठपणाची शस्त्रक्रिया केलेल्यांना वर्षानुवर्षं तपासलं. दोन वर्षांनी बीपीत मोठा फरक होता. दहा वर्षांनी वजन सरासरी १६ टक्के कमीच होतं, मधुमेहातला फायदा टिकला होता, पण नव्याने बीपी जडण्याचं प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांएवढंच झालं होतं. वर्षानुवर्षं दाब सोसलेल्या रक्तवाहिन्या टणक होतात. म्हणून वजन उतरलं तरी बीपी मोजत राहायचं, आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही.

मामा : गोळीनं मानूस निर्धास्त होते. सकाळी गोळी खाल्ली, संध्याकाळी शेगाव कचोरी खायले मोकळा. हे मी रोज पाह्यतो.

भाची : होतो, मान्य. आम्ही डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून देतो, गोळी का आणि कशासाठी ते सांगत नाही, म्हणूनही होतो. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल जातीची गोळी अँजिओटेन्सिनचीच वाट अडवते, ज्यात चरबीने भर घातलेली असते. तीन औषधांनीही न उतरणाऱ्या बीपीत अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन पुष्कळदा उपयोगी पडतं. उलट ॲटेनोलॉलसारख्या जुन्या गोळ्यांनी वजन किंचित वाढू शकतं. लठ्ठ रोग्याला दुसरं कारण नसताना त्या पहिल्या म्हणून देऊ नयेत. लेप्टिनलाच अडवणारं औषध मात्र आज बाजारात नाही. आणि लेप्टिनची रक्ततपासणी बीपीसाठी करून घेऊ नका. रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलत नाही. पैसे वाया जातील.

मामा : अन् व्यायाम? तो तं तू शेवटी ठेवला.

भाची : शेवटी ठेवला कारण त्यात तुमच्याशी भांडण नाही. रोज झपझप चालण्याने काट्यावरचं वजन हललं नाही तरी बीपी काही अंकांनी उतरतं आणि पोटाच्या आतली चरबी घटते. वडाळी तलावावरून घामाघूम येऊन मामी काट्यावर उभी राहते, आकडा तोच दिसतो आणि ती रडकुंडीला येते. तिला काट्यावर उभी करू नका. कंबर मोजायला टेप द्या.

मिठाचा विषय निघाला तेव्हा दोघांचं लगेच जमलं. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. वऱ्हाडी ताटातला ठेचा, लोणचं, पापड, कुरडई आणि संध्याकाळचा शेव-चिवडा एवढ्यावरच चमचा भरत येतो, भाजी-वरणातलं मीठ वेगळं. चरबीचे हार्मोन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला तेवढंच मीठ जास्त बाधतं. मामांनी ठेच्याची बाजू थोडी लावून धरली, मग सोडली. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की काय करायचं, हेही त्यांनी विचारलं. उत्तर असं : शेतात घाम गाळणाऱ्याने पाणी आणि ताक भरपूर प्यावं. उन्हाळ्यात बीपी मुळात थोडं उतरतं, त्यामुळे गोळी चालू असताना उभं राहताच चक्कर आली तर डॉक्टरकडे जाऊन मात्रा पाहून घ्यावी, मनाने बंद करू नये.

मामांचा एक आक्षेप शेवटपर्यंत राहिला आणि तो मला रास्त वाटतो. ते म्हणाले, "तुह्यावाल्या शास्त्रानं मान्साचा दोष कमी झाला, चांगलं झालं. पन त्याची जबाबदारी कमी होऊ देऊ नको." भाचीने ते मान्य केलं आणि उलट मागणी केली : माणसाने किती चालावं हे सांगणाऱ्यांनी त्याला चालायला रस्ता, मुलांना खेळायला मैदान आणि गरोदर बाईला पोटभर जेवण मिळतं का, हेही विचारावं. माझा कौल विचाराल तर शास्त्रात भाचीचं बरोबर आहे. आखाड्याची आणि फिरण्याची मामांची आस्थाही तितकीच खरी आहे. मामांची चूक एकच. ती लहान नाही. त्यांच्या टोमण्याने एका बाईची वर्षभराची गोळी चुकली.

आणि डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. आपल्याकडच्या दवाखान्यांत वजन घेतात, बीपी घेतात, कंबर क्वचितच मोजतात. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, ही भारतीयांसाठी ठरलेली मर्यादा आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप ठेवायचा, श्वास सहज सोडून मोजायचं, पोट आत ओढायचं नाही. बायकांनी परकराच्या नाडीचा वळ जिथे असतो तिथेच टेप धरू नये. बरगडी आणि हाड चाचपून जागा ठरवावी.

शिंप्याकडचा साधा टेप पुरतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात घरातल्या सगळ्यांची कंबर मोजून वहीत लिहावी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी तपासून घ्यावं. तिथे पैसे लागत नाहीत. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पुन्हा तोच आला तर डॉक्टरला दाखवा. घरात कुणी गोळी लपवून ठेवत असेल तर तिला रागावू नका, तिच्यासोबत दवाखान्यात जा.